मोठी कंपनी सोडताना: राजीनाम्यापासून पीएफपर्यंत

२०२३ च्या १० नोव्हेंबरला, ऐन धनत्रयोदशीला, हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीतला माझा शेवटचा दिवस झाला. २०१४ च्या जूनमध्ये कॅम्पसमधून लागले होते, म्हणजे कॉलेजनंतरची सगळी नोकरी एकाच ठिकाणी. आता बाणेरला साठेक माणसांच्या एका प्रॉडक्ट कंपनीत आहे. २०२४ च्या जुलैत इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं आणि जुन्या नोकरीचं शेवटचं काम हातावेगळं झालं. मधे जे झालं ते सलग लिहून ठेवते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा सगळं तुकड्यातुकड्यांत सापडत होतं. पीएफचं एकीकडे, ग्रॅच्युइटीचं दुसरीकडे, आणि मोठी कंपनी चांगली की छोटी यावर नुसती भाषणं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या रस्त्यावरच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकाने असंच चालतं.

सोडायचं का ठरवलं? पगार हे कारण होतंच, उगाच सोवळेपणा कशाला. आत असलेल्या माणसाला दरवर्षी सहा-सात टक्के वाढ आणि तेवढ्याच अनुभवाचा माणूस बाहेरून आला की त्याला दीडपट पगार, हा मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचा जुना हिशेब आहे. पण मला जास्त टोचत होतं ते २०२३ च्या मे महिन्यातलं अप्रेझल. मॅनेजर म्हणाला, "तुझ्या कामाबद्दल क्लायंटची एकही तक्रार नाही, पण बेल कर्व्ह आहे गं. कुणाला तरी मधल्या रेटिंगमध्ये बसवावंच लागतं." त्याचंही खरं होतं. दहा जणांच्या टीममध्ये वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या, त्यातली एक ऑनसाइट, म्हणजे क्लायंटकडे परदेशात, असलेल्याला आधीच दिलेली. माझं काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर, रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचं, म्हणजे बॅच जॉब्सचं. ते नीट चाललं की कुणाला कळत नाही आणि अडलं की पहाटे तीनला फोन वाजतो. असल्या कामात डोळ्यांत भरण्यासारखं काही घडू नये, हेच तर काम असतं.

जुलैत नव्या कंपनीच्या मुलाखती झाल्या, शेवटी ऑफर आली. पगारात साधारण पस्तीस टक्के वाढ. १४ ऑगस्टला, सोमवारी, पोर्टलवर राजीनामा टाकला. तिथे कारणांची यादी येते. मी सगळे निवडतात तेच निवडलं, 'बेटर प्रॉस्पेक्ट्स'. चहा घेऊन जागेवर येते तोवर मॅनेजरचा फोन.

"अगं, आधी बोलायचंस तरी. थांब ना एप्रिलपर्यंत, प्रमोशनचं मी बघतो."

दोन दिवसांनी त्याच्या वरच्या साहेबांनी बोलावलं आणि वीस टक्के वाढ देऊ केली. मे महिन्यात नसलेलं बजेट ऑगस्टात कुठून उगवलं हे विचारायचा मोह झाला होता, पण विचारलं नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी एवढंच, की काउंटर ऑफर मेलवर किंवा पत्रात मागा. आमच्याकडे तोंडी शब्दावर थांबलेल्या एकाला पुढच्या अप्रेझलमध्ये 'तुला मधेच दिलं होतं ना' असं ऐकावं लागलं होतं.

मग नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. नव्या कंपनीला मी महिनाभरात हवी होते. आमच्या ऑफर लेटरमध्ये नोटीसचा पगार भरून लवकर जाण्याची सोय होती, पण त्यापुढे बारीक अक्षरांत 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार' असंही होतं. मर्जी झाली नाही. क्लायंटचं ऑक्टोबरमध्ये मोठं रिलीज होतं. तुम्हाला पैसे भरून सुटायची परवानगी मिळाली, तर आधी रक्कम कशावर धरतात ते विचारा, बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (एकूण पगारावर). फरक दुपटीहून जास्त पडू शकतो. आणि नवी कंपनी ती रक्कम परत देणार असेल तर ती तुमच्या पगारात धरून तिच्यावर टॅक्स कापतात.

या तीन महिन्यांत खरं काम एकच, केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपलं काम दुसऱ्याला शिकवून देणं. माझ्या जागी बेंचवरची, म्हणजे अजून प्रोजेक्ट न मिळालेली, दोन मुलं दिली, दोघंही कॉलेजातून नुकतीच आलेली, मेनफ्रेमचं फक्त ट्रेनिंग झालेलं. मुलं हुशार होती. मी जॉब्सची एक्सेल केली होती: जॉबचं नाव, कधी चालतो, कशावर अवलंबून, पडला तर काय करायचं. शेवटच्या कॉलममध्ये मी माझ्या मनाने लिहिलेलं असायचं. 'महिनाअखेर शनिवारी आली तर हा अडकतो, घाबरू नये, आधी कॅलेंडर फाइल बघावी.' 'हा जॉब पडला तर क्लायंटकडच्या डेटाबेसवाल्या आजोबांना चॅट करावं, तिकीट टाकून दोन दिवस जातात.' गणपतीत रोज दुपारी एक सेशन, ते रेकॉर्ड करायचं आणि फोल्डरमध्ये टाकायचं.

सप्टेंबरअखेर प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य धोक्यांची यादी, अपडेट करायला माझ्याकडेच आलं. दर महिन्याला मीच करत असे. त्यात माझ्या जाण्याची एक ओळ पीएमओने, म्हणजे प्रोजेक्टांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाने, आधीच घातली होती. शक्यता: निश्चित. परिणाम: लो. मी ती ओळ जराशी बघत बसले आणि फाइल पुढे पाठवून दिली. वाईट वाटलं का? वाटलं. पण पीएमओचं चुकलं नव्हतं. नऊ वर्षं मी ज्या पद्धतीने काम केलं, दर गोष्ट लिहून, दर जॉबला बदली माणूस ठेवून, त्याचाच तो निकाल होता.

आणि त्याच पद्धतीने मला बरंच काही दिलं होतं. २०१९ मध्ये मुलीच्या वेळी मी सव्वीस आठवड्यांची रजा घेतली. कायद्याने ती आहेच, २०१७ च्या दुरुस्तीपासून. पण कायदा असणं वेगळं आणि रजेच्या सहा महिन्यांत एकही फोन न येणं वेगळं. मला आला नाही. माझ्या जागी दुसरी कुणी बसली, जॉब्स चालत राहिले. परत आले तर कॅम्पसमध्येच पाळणाघर होतं, मुलगी दोन मजले खाली. माझ्यावाचून काही अडत नाही म्हणून मधलं रेटिंग, आणि माझ्यावाचून काही अडत नाही म्हणून निर्धास्त रजा. ही दोन्ही मोठ्या कंपनीत एकाच खात्यातून येतात. एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही, हे मला नोटीस पिरियडमध्ये कळलं.

आता विम्याचं. यावर जास्त लिहिते, कारण सोडणारे बहुतेक जण याकडे शेवटच्या आठवड्यात वळतात.

बाबा सांगलीला असतात, वय ६६, डायबेटिस जुना. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बिल दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबांना घातलं होतं, वर्षाला साधारण बावीस हजार माझ्या पगारातून कापले जात. हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड दाखवलं, दुपारपर्यंत कॅशलेस मंजूर. आधीपासूनच्या आजाराचा प्रश्नच कुणी विचारला नाही, कारण मोठ्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर असतं. हजारो माणसांचा एकत्र सौदा असल्यामुळे विमा कंपनी ती अट सोडते. वैयक्तिक पॉलिसीत तेव्हा जुन्या आजारांना चार वर्षांपर्यंत थांबावं लागत असे. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आली आहे.

नव्या कंपनीची पॉलिसी आहे, पण ती नवरा-बायको आणि मुलांपुरती. आईबाबा नाहीत. हे मी ऑफर सही करण्याआधी विचारलं होतं, आणि त्या पस्तीस टक्क्यांतून विम्याचा हप्ता वजा करूनच हिशेब मांडला होता.

ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, याला मायग्रेशन म्हणतात. फायदा असा की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांबण्याच्या काळात धरली जातात, जुन्या विम्याच्या रकमेपर्यंत. पण हे आपोआप होत नाही. कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतं, त्याआधी अर्ज जायला हवा. मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात केली. एचआरला मेल केला, त्यांनी ब्रोकरचा नंबर दिला, ब्रोकरने विमा कंपनीचा, विमा कंपनीच्या कॉल सेंटरने मला नवी पॉलिसी विकायचा प्रयत्न केला. शेवटी सांगलीच्याच शाखेत बाबा स्वतः जाऊन बसले. तिथल्या बाईंना प्रक्रिया माहीत होती. त्यांनी मागितलेली कागदं: ग्रुप पॉलिसीचं प्रमाणपत्र, ज्यात आईबाबांची नावं आणि कव्हर सुरू झाल्याची तारीख आहे, मागच्या वर्षांची ई-कार्डं, जुन्या क्लेमचं सेटलमेंट लेटर, बाबांचा ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी). जुनी ई-कार्डं मला कंपनीच्या पोर्टलवर मिळाली. नोकरी सुटल्यावर ते पोर्टल उघडलं नसतं.

विमा कंपनीला तपासणी करून जास्त हप्ता लावता येतो, आणि तो लावला. दोघांचे मिळून जीएसटीसकट वर्षाला अडुसष्ट हजार. नवी पॉलिसी ७ नोव्हेंबरला हातात आली, तोवर मला झोप नव्हती. बाबा मात्र म्हणाले, "एवढ्यात तर मी आजारीच पडणार नाही." हा त्यांचा विनोद होता.

शेवटचा आठवडा नो ड्यूजचा, म्हणजे आपल्याकडे कुणाचं काही येणं नाही हे विभागांकडून लिहून घेण्याचा. पोर्टलवर एकेका विभागाचा चौकोन हिरवा व्हायचा असतो: फायनान्स, ट्रॅव्हल, ट्रान्सपोर्ट, लायब्ररी, आयटी, सिक्युरिटी. लायब्ररी हिरवी होईना. लायब्ररी २०२० नंतर बंदच झाली होती आणि मंजुरी देणारा माणूसही कंपनी सोडून गेला होता. त्याच्या जागी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी कोची ऑफिसमधल्या कुणीतरी तो चौकोन हिरवा केला. मोठ्या कंपनीचं अख्खं व्यक्तिमत्त्व मला त्या चौकोनात दिसलं.

आयटी स्टोअर बेसमेंटला. खिडकीतल्या दादांनी लॅपटॉप उलटा केला, स्टिकरवरचा नंबर यादीशी ताडला, मग चार्जर हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, हा चार्जर या लॅपटॉपचा नाही." कुठल्यातरी मीटिंग रूममध्ये कधीतरी अदलाबदल झाली असणार. सगळे चार्जर दिसायला सारखेच. अठराशे रुपये कापले. लॅपटॉप देण्याआधी दोन आठवडे तरी नंबर तपासून बघा, टीममध्येच कुणाकडे तरी तुमचा असतो.

याच आठवड्यात उतरवून घ्यायची कागदं: सगळ्या वर्षांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अप्रेझल आणि प्रमोशनची पत्रं, विम्याची कार्डं आणि पीएफचं स्टेटमेंट. पीएफचं विशेष सांगते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा पीएफ ईपीएफओकडे, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, नसून कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. आमचाही तसाच. अशांना ईपीएफओच्या साइटवर पासबुक दिसत नाही, फक्त कंपनीच्या पोर्टलवर दिसतं. पोर्टल बंद झालं की हातात आकडा नाही. आणि हे सगळं स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तसं केल्याबद्दल सिक्युरिटीचा मेल येतो. छापून घ्या किंवा एचआरला तुमच्या खासगी पत्त्यावर पाठवायला सांगा.

एक्झिट इंटरव्ह्यू टीम्स अॅपवर झाला. पलीकडे हैदराबादची एक मुलगी, आवाजावरून तेवीस-चोवीसची. "मॅम, कंपनीत तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं?" मी म्हटलं, पाळणाघर. तिने टाइप केलं. "सुधारणा काय हवी?" मी म्हटलं, राजीनामा दिल्यावर जी वाढ देता ती आधी द्या. तेही तिने टाइप केलं आणि पुढचा प्रश्न कॅन्टीनचा विचारला.

शेवटच्या दिवशी केक, ग्रुप फोटो, दिवाळीमुळे निम्मं ऑफिस रिकामं. साडेचारला बसने निघाले ती वाकडच्या पुलापाशी पोचायला सहा. हिंजवडीचं हे एक दुःख असं आहे की त्याचा कंपनीशी संबंध नाही आणि तरी नऊ वर्षं ते कंपनीच्याच खात्यावर मांडलं.

२० नोव्हेंबरला नवीन ठिकाणी रुजू झाले. रिलीव्हिंग लेटर २४ ला आलं. तोवर राजीनामा मंजूर झाल्याचा मेल चालला. नोव्हेंबरच्या दहा दिवसांचा पगार, रजेचे पैसे आणि बाकीचा हिशेब मात्र फुल अँड फायनलमध्ये अडकतो. आमच्याकडे तेव्हा पंचेचाळीस दिवस सांगत, माझा २२ डिसेंबरला झाला. नोव्हेंबरच्या शेवटी पगार येणार नाही हे धरून घराच्या हप्त्याची सोय आधीच करून ठेवली होती. व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग, मिळाला नाही. तो ज्या दिवशी देतात त्या दिवशी तुम्ही कंपनीत असायला हवं आणि नोटीसवर नसायला हवं, असं पॉलिसीत लिहिलेलं असतं. राजीनाम्याची तारीख ठरवताना हे वाचून घ्या. रजेच्या पैशांवर टॅक्स लागला नाही. एप्रिल २०२३ पासून खासगी नोकरीतही ही सूट २५ लाखांपर्यंत आहे, आधी तीनच लाख होती.

ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी येते. तेव्हाचा हिशेब सोपा होता: शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझं बेसिक ४२ हजार, वर्षं नऊ, म्हणून २,१८,०७७ रुपये. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात. माझी नऊ वर्षं आणि पावणेपाच महिने भरत होते. आणखी दीड महिना थांबले असते तर दहा धरली असती आणि चोवीस हजार जास्त आले असते. नवी कंपनी थांबायला तयार नव्हती, म्हणून सोडून दिले. फॉर्म आय भरून द्यावा लागतो, त्यानंतर तीस दिवसांत पैसे द्यायचं कंपनीवर बंधन आहे. माझे ८ डिसेंबरला आले, एकही फोन न करता. पैशांच्या बाबतीत मोठ्या कंपनीचा हा सरळपणा मी मनापासून मानते. छोट्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या मैत्रिणींच्या कहाण्या ऐकल्या आहेत.

पीएफ जानेवारीत. आधी साइटवर जुन्या नोकरीची 'डेट ऑफ एक्झिट' चढली आहे का बघायचं. माझी डिसेंबरअखेर चढली. मग 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट'मधून ट्रान्सफरचा अर्ज. ट्रस्टकडून पैसे फेब्रुवारीत निघाले, नव्या खात्यात दिसायला एप्रिल उजाडला. ट्रस्टने पाठवलेलं 'अॅनेक्शर के' ईपीएफओत कुठेतरी पडून होतं, एक तक्रार त्यांच्याच पोर्टलवर टाकल्यावर हललं. त्या कागदाची प्रत ट्रस्टकडून जरूर मागून घ्या, त्यावर रक्कम आणि सेवेचा काळ दोन्ही असतं. पैसे काढून घ्यायचा सल्ला मलाही मिळाला होता. पण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि माझी नऊ-सव्वानऊ झालेली. ट्रान्सफर केली तर नव्या नोकरीतली वर्षं त्यात मिळवली जातात.

टॅक्ससाठी नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून दिला, म्हणजे एप्रिल ते नोव्हेंबरचं उत्पन्न आणि कापलेला टॅक्स त्यांना कळवला. हा दिला नाही तर दोन्ही कंपन्या स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब आपापल्या परीने देऊन मोकळ्या होतात आणि जुलैत रिटर्न भरताना तुमच्या डोक्यावर व्याजासकट बाकी येते. त्यासाठी जुन्या कंपनीकडून टॅक्स कॉम्प्युटेशन शीट लागतं, ते फुल अँड फायनलच्या मेलमध्येच होतं. जूनमध्ये दोन फॉर्म १६ आले, आकडे जुळले.

नवीन ठिकाणचं थोडं. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेला कोड चार दिवसांत ग्राहकाकडे गेला. जुन्या ठिकाणी एक टूल इन्स्टॉल करायच्या परवानगीला याहून जास्त लागायचे. इथे एचआर म्हणजे एकच बाई, त्याच अॅडमिनही बघतात, त्या आजारी पडल्या की कॉफी संपते. पाळणाघर नाही, मुलीला शाळेतून सासूबाई आणतात. बँकेत टॉप-अप लोनला गेलो तर जुन्या कंपनीचं नाव त्यांच्या यादीत 'कॅटेगरी ए'त होतं, नव्या कंपनीचं यादीतच नाही. लोन नवऱ्याच्या नावावर झालं. मे महिन्यात चार दिवस सांगलीला गेले होते, तेव्हा रोज फोन आले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तिकडे नव्हतं बाई असं." मी लॅपटॉप उघडून माडीवर गेले, तिथेच रेंज बरी येते.